विमलने कोट काढला नाही

“मी बसायला आलेले नाही. कुसुमने हातापाया पडून बोलावलं म्हणून आले,” विमल कोट न काढताच म्हणाली.

“आलीस ना? मग बस,” मी म्हणाले.

“आधी बोललेलं मागे घे, सिंधू.”

“खोटं काय बोलले होते मी?”

लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या त्या भारी स्टेकहाउसमध्ये आजूबाजूचे लोक सुरी-काटे थांबवून आमच्याकडे बघायला लागले. बघू देत. तीस वर्षं आम्ही तिघींनी एका टेबलाशी उभं राहून काम केलं, की किस्से ताटल्यांसारखे एकावर एक चढतातच.

हीथ्रोजवळच्या एका किचनमध्ये आम्ही विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचो. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी त्या ट्रेवरच्या लेबलांवरून शिकले आणि मग कुठल्याच सुपरवायझरला घाबरले नाही. रिटायर झाल्यावर ठरवलं, महिन्याचा पहिला शनिवार आपला. जन्मभर उभ्याने दुसऱ्यांचं वाढलं, आता बसून खायचं. दुपारभर.

*

पहिल्याच शनिवारी जेवण यायला वेळ लागला. शेजारी सुरी-काट्यांची टोपली होती, नॅपकिनची चळत होती. हाताला सवय! गप्पा मारता मारता आम्ही टोपलीतले सगळे सुरी-काटे नॅपकिनमध्ये गुंडाळून टाकले. मॅनेजर येऊन बघतच राहिला. कुसुम गडबडून म्हणाली, “सॉरी, आमची शिफ्ट संपली.”

*

पुढच्या खेपेला वेटरने कच्च्या मांसाचे तुकडे लाकडी फळीवर मांडून दाखवायला आणले. विमल मालवणची. तिने एकेक तुकडा बोटाने दाबून पाहिला, नाक मुरडलं आणि फळी परत केली. आम्ही हसलो तर आमच्यावरच डाफरली, “ताजं आहे का ते नको बघायला?”

तसं हसणं नंतर झालं नाही.

*

कारण त्याच्या पुढच्या शनिवारी तिने बीफ स्टेक मागवला. नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या मनाने काही मागवत होती, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मी चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, “नवरा गेला आणि हिची जीभ मोकाट सुटली.”

तिने काट्यावरचा घास तसाच ताटात ठेवला, कोट घातला आणि निघून गेली. ती दोन वर्षं आली नाही. कुसुम आणि मी जात राहिलो. वेटर तिसरी खुर्ची उचलून न्यायचा, मी ती परत आणायला लावायचे. फोन मात्र केला नाही. मान वाकवायची मला सवय नाही.

*

तर या शनिवारी ती अशी कोट घालून उभी. मध्ये कुसुम रडकुंडीला आलेली.

विमल हळू आवाजात म्हणाली, “तू मोठी सोवळी. तुझ्यापुढे मला माझंच ताट घाणेरडं वाटलं गं.”

आणि ती दाराकडे वळली. मी तिच्या कोटाची बाही धरली.

“विमल, किचनमधल्या पहिल्याच हिवाळ्यात फर्स्ट क्लासच्या उरलेल्या ट्रेमधलं बीफ मी कोल्ड रूममध्ये उभ्याने खाल्लं होतं, आणि मग दर शुक्रवारी खात राहिले.”