मुठीतला झुरका

गुलबर्ग्याला औषधांच्या कॉलेजात मी उंदरांच्या खोलीत कामाला आहे. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, खाणं घालायचं. पांढरे उंदीर हाताला लवकर सरावतात. तिथे फारसं बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडतं.

घरी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मला गप्प बसू देत नसत. खजुरी गावचं शेत वाट्याने देऊन आम्ही इथे आलो, ह्यांना दाळमिलमध्ये काम लागलं, आणि आत्यांना बोलायला माणूस उरलं नाही.

"आज तुझ्या उंदरांनी बिड्या वढल्या का गं?"

"ते वढत न्हाईत, आत्या. मशीन सिगारेट वढतंय, धूर पेटीत सोडतंय. उंदीर पेटीत बसतेत."

"बसल्या जागी फुकट मिळायलंय. आन् मला डॉक्टर वढू देईना."

आत्यांना बिडीची सवय शेतात लागली. दाढ दुखत होती, कुणीतरी सांगितलं धूर धर, ती दाढ पडून गेली तरी बिडी राहिली. छाती भरायला लागल्यावर डॉक्टरांनी बिडी बंद करा म्हटलं, तर आत्यांनी त्यांच्याशी भाजी घेतल्यासारखा भाव केला. शेवटी सकाळच्या चहावर एक आणि रात्री जेवल्यावर एक, एवढ्यावर आल्या. ह्यांनी सगळ्या शेजाऱ्यांना कौतुकाने सांगितलं.

पण आंघोळ करून आल्या की आत्या खाटेच्या कडेला बसून राहत. लुगड्याच्या निऱ्या हातात तशाच. दम खाली बसेपर्यंत त्यांना त्या खोचता येत नसत. ह्यांना वाटे वयामुळे असेल. आत्या बिडी कशी ओढतात ते मी बघत होते. चिलीम धरतात तशी मुठीत धरायची, मुठीला तोंड लावून गाल आत जाईपर्यंत ओढायची आणि धूर आत धरून ठेवायचा. पूर्वी बोटात धरून, गप्पा मारत ओढायच्या, अर्धी तर हातातच जळून जायची.

मला ते खटकत होतं, पण नेमकं काय ते कळत नव्हतं. ते कॉलेजात कळलं. आमच्याकडे शिकणारी एक कन्नड मुलगी ते मशीन चालवते. मशीन एका झुरक्याला किती धूर घेणार, किती वेळाने घेणार, हे तिला बदलता येतं. सिगारेट आणि पेटीच्या मधे एक गोल पांढरा कागद असतो, त्यावर धूर बसतो. एकदा तिने फेकायला दिलेले दोन कागद माझ्या हातात होते, एक चहासारखा पिवळट आणि एक काकवीसारखा. काकवीसारखा होता त्या दिवशी सिगारेटी कमी जळल्या होत्या, राख मीच काढली होती. मी पहिल्यांदाच तिला काही विचारलं.

ती म्हणाली, "अक्का, किती जळली तेवढंच बघून चालत नाही. त्या दिवशी झुरके मोठे होते. धूर कुणी कसा ओढला त्यावर आहे सगळं."

ते कागद मी मागून घेतले आणि पिशवीत बांधून घरी नेले. आत्यांपुढे ठेवले, पण बोलताना नजर खालीच होती. कमी सिगारेटींचा कागद कोणता ते सांगितलं, मशीनचे झुरके सांगितले. आत्यांना समजायला वेळ लागला नाही.

"म्हंजे मी मुठीनं वढते ते वाईट."

"व्हय."

"मग बोटानं बारीक बारीक वढते. बिड्या वाढवून दे."

"पिवळ्या कागदाच्या पेटीतले उंदीर बी खोकलायलेत, आत्या. काळ्यावाले आधी खोकलले, एवढंच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "लग्न होऊन आल्यापास्नं तोंड उघडलं न्हाईस. आजच कामून उघडायलीस?"

"सकाळी भाकरी थापताना तुमच्या छातीची शिट्टी ऐकू येतीया. मला भ्या वाटतंय."

आत्यांनी दोन्ही कागद पिशवीत परत घातले. मग म्हणाल्या, "डॉक्टरला तूच सांग. त्यो किती वढता इचारतोय, कशी वढता ते मी कामून सांगू?"

डॉक्टरांपुढे माझा आवाज इतका बारीक निघाला, की त्यांना खुर्ची पुढे ओढावी लागली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एक बिडीसुद्धा नको म्हणाले, आणि औषधाचा पंप दिला. तो ओढायचा कसा ते शिकवू लागले, श्वास हळू, लांब घ्यायचा आणि आत धरायचा. आत्यांनी पहिल्याच खेपेला बरोबर ओढला.

"लोकांना हे जमायला चार खेपा लागतात," डॉक्टर म्हणाले.

"माझा हात बसलेला हाय," आत्या म्हणाल्या.

बिडी एकदम सुटली नाही. पोट साफ होत नाही म्हणून एक, पाहुणे आले म्हणून एक, असं चालू राहिलं. मी काही बोलत नसे, नुसती बघत असे. त्या म्हणायच्या, "बघ, बघ, झुरके मोज." आणि बिडी विझवून टाकायच्या. तूर निघून गावाकडून पोती आली, तोवर घरात काडेपेटी फक्त गॅससाठी लागत होती.

परवा तूर वाळवायला आम्ही दोघी गच्चीवर गेलो. मी पाटी घेऊन पुढे होते आणि आत्या जिना चढत चढतच मला रागावत होत्या, की पाटी वाकडी धरलीस, दाणे सांडायलेत. वर पोचेपर्यंत त्या मधे एकदाही थांबल्या नाहीत.