गौरम्माची जागा

गौरम्माला संशय यायला कारण लागत नसे. लातुरात डाळ घेतली की ती घरी पुन्हा तोलायची, रिक्षावाला नेहमीची गल्ली सोडून वळला की तिथंच उतरायची. लोक हसायचे. पण उदगीरला तिचा पहिला नवरा वारला, तेव्हा रेशनकार्डासाठी म्हणून दिराने सही घेतली आणि तिला लहानग्या लेकीसकट, सृष्टीसकट, घराबाहेर काढलं, हे हसणाऱ्यांना कुठं ठाऊक होतं?

पुढे तिने गुरुपादप्पांशी लग्न केलं. तेही विधुर, लातुरात किराणा दुकान. पहिल्या बायकोचा, नीलम्माचा, मुलगा संगमेश्वर तेव्हाच चांगला कर्तासवरता होता. तो गौरम्माला मावशी म्हणायचा आणि वागायचाही बरा. त्याचं हे बरं वागणंच तिला खुपायचं.

यंदा अप्पांच्या छातीत कळ येऊन गेली आणि बाप-लेक कुजबुजायला लागले. ती चहा घेऊन गेली की लगेच पाऊसपाण्याच्या गप्पा. मग दोघं वकिलाकडेही जाऊन आले. झालं! अप्पांच्या माघारी हा पोरगा आपल्याला दारात उभं करणार नाही, हे गौरम्माने पक्कं धरलं आणि सृष्टीला घेऊन कुठं जायचं याचा घोर लावून घेतला.

शेवटी तिने जेवताजेवता विषय काढलाच. अप्पांनी न चिडता मृत्युपत्र आणून वाचून दाखवलं. लातूरचं घर गौरम्माच्या नावावर, दुकान आणि मुरुडजवळचं शेत संगमेश्वरला, सृष्टीच्या शिक्षणाचीही सोय. घर मावशीला द्या, हे संगमेश्वरनेच सुचवलं होतं म्हणे. गौरम्मा ओशाळली. असल्या पोरावर आपण डूख धरला, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी तिने पुन्हा एकदा वाचायला लावलंच. शेतापाशी ती अडली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे नीलम्माला त्याच शेतात पुरलं होतं, आणि शेजारची जागा अप्पांनी स्वतःसाठी राखली होती.

"अन् मी गेल्यावर?" तिने संगमेश्वरला विचारलं. "शेत तुझं झाल्यावर मला तिथं जागा देशील का? तेवढं बी लिवून ठिवा."

"असलं कुनी लिवतंय का, मावशी?"

"मग तोंडानं सांग."

आपला संशय खोटा निघावा, असं गौरम्माला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. अप्पा मृत्युपत्राची घडी घालत होते. संगमेश्वर खाली मान घालून जेवत राहिला.