नौबत म्हणजे पाळी

आमच्या पाणीवापर संस्थेची निवड झाली ती गावाच्या एकोप्यामुळे नव्हे, माझ्या अक्षरामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको.

देऊळगाव राजापासून थोडं आत आमचं गाव. धरणाच्या कालव्याची एक चारी आमच्या शिवारातून जाते. तिच्यावर गव्हा-हरभऱ्याला पाणी कोणी, कोणत्या वारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत घ्यायचं, त्याची वही मी ठेवते. उभा जन्म शाळेत हिंदी शिकवण्यात गेला. निवृत्त झाले तेव्हा संस्थेत एक तरी बाई पाहिजे म्हणून मला सचिव केलं. नावापुरती बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण मी त्यांच्या मानगुटीवरच बसले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, अफगाणिस्तानातलं सरकार पुन्हा पालटलं त्याच्या आधीची. युद्धानं मोडलेल्या मुलखात पूल, शाळा, कालवे पुन्हा उभे करून देणारा एक परदेशी मदत-कार्यक्रम होता. त्याचा एक तरुण अधिकारी, पुण्याकडचा, आमच्याकडे आला. तिकडच्या एका खोऱ्यात त्यांनी लढाईत फुटलेला पाट नव्यानं बांधून दिला होता. पाटावर दोन गावं, एक वर, एक खाली. युद्धात ही गावं एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी लढली होती. पाट पक्का झाला, लोखंडी गेटं बसली, पण पाणी आधी कोणी घ्यायचं आणि किती वेळ, यावर काही केल्या एकमत होईना. दोन्ही गावांचा एकेक पाणी वाटणारा माणूस तो आमच्याकडे आणणार होता. पाळ्या शांतपणे चालतात असं एक तरी गाव त्यांनी डोळ्यांनी पाहावं, एवढाच हेतू. त्यानं चार-पाच संस्थांच्या वह्या चाळल्या आणि आमची पाहून म्हणाला, "किती स्वच्छ आहे हो!"

अक्षर स्वच्छ होतं, गावाचं म्हणाल तर आनंदच होता. चारीच्या तोंडाशी ज्यांची शेतं ते हेडवाले आणि शेवटाला ज्यांची ते टेलवाले. या दोघांत विस्तव जात नव्हता. हेडचे पुढारी आबा आणि टेलचे दाजी वीस वर्षांत एकमेकांच्या घरचा चहा प्याले नव्हते. एकाच्या घरच्या लग्नाला दुसरा नेमका परगावी असायचा.

मी दोघांना संस्थेच्या खोलीवर बोलावलं आणि शाळेतला आवाज काढून बजावलं, "पाहुणे दोन दिवस आहेत. दोन दिवस भांडायचं नाही."

"दोन दिवस काय बाई, हप्ताभर तोंडाले कुलूप लावतो," आबा म्हणाले.

"त्यानं आधी लावावं," दाजी म्हणाले.

जाता जाता आबांनी मला एक प्रश्न विचारला. "लोकाईचे पाट हे परदेशी लोक काऊन बांधून देतात, बाई? त्याइले काय भेटते?" मी म्हटलं, शांतता व्हावी म्हणून. ते म्हणाले, "सिमेंटानं?" मी त्यांना चहा पाजला.

पाहुणे आले. वरच्या गावचे एक म्हातारे गृहस्थ, पांढऱ्या दाढीचे, ताठ. खालच्या गावचा माणूस चाळिशीचा, बोलताना सारखा खाली पाहणारा. जीपमध्ये दोघांच्या मधे अधिकारी बसलेला. दोघांची बरीच वर्षं पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत गेली होती, त्यामुळे दोघांना उर्दू येत होती आणि माझी हिंदी उपयोगी पडली. मला ते 'बाजी' म्हणत, म्हणजे मोठी बहीण. एकमेकांना मात्र काहीच म्हणत नव्हते. एकाला दुसऱ्याचं काही विचारायचं झालं तर तो मला विचारायचा.

पहिल्याच दिवशी खालच्या गावच्या माणसानं मला आपली अडचण सांगितली. त्याचं गाव अजून परतलेलंच नव्हतं. घरं पडलेली, माणसं तंबूत. ती म्हणत होती, गावी येऊन खायचं काय? पाणी मिळेल असं लिहून आण, मग येतो. दोन महिन्यांत पेरणी होती. कागदावर म्हाताऱ्यांचा अंगठा घेऊन गेला तर तंबू उठणार, नाही तर आणखी एक वर्ष तिथंच. त्याची धाकटी मुलगी तंबूत जन्मली होती आणि तिला घर म्हणजे काय ते चित्र काढून दाखवावं लागत होतं. हे सांगून तो पुन्हा खाली पाहू लागला. मला फार वाईट वाटलं, आणि आपण यांना नाटक दाखवणार याची लाजही वाटली. पण नाटक मी बंद केलं नाही.

दुपारी पंगत झाली. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. आबा आणि दाजी शेजारी शेजारी बसले होते आणि फोटोला बसवल्यासारखे हसत होते. दाजींनी तर आबांच्या ताटात आपल्या हातानं ठेचा वाढला. इतका वाढला की मला त्यांचा हेतू लगेच कळला. आबांनी तो पाहुण्यांदेखत संपवला. डोळ्यांतून पाणी, पण तोंडातून शब्द नाही. अधिकाऱ्यानं त्याचाही फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चारीच्या मधल्या गेटावर गेलो. इथून आबांच्या शेताकडे पाणी वळतं. गेट खाली टाकलं की ते पुढं टेलकडे जातं. त्या दिवशी वहीप्रमाणे चार वाजता आबांची पाळी संपणार होती आणि दाजींची लागणार होती. सगळं नीट चाललं होतं. मग खालच्या गावच्या माणसानं पहिल्यांदाच मला मधे न घेता दाजींना थेट विचारलं, "आपकी नौबत कब आती है?"

त्यांच्या बोलीत नौबत म्हणजे पाण्याची पाळी. हे मला नंतर कळलं. आमच्याकडे माणसावर नौबत येते ती वाईटच. दाजींच्या काळजाला ते जाऊन भिडलं. इतक्या वर्षांत असं कोणी विचारलंच नव्हतं.

"नौबत? काय सांगू भाऊ!" दाजींचा आवाज एकदम चिरकला. "नौबत तं त्या साली आली होती! या आबानं चारीत पोते कोंबले अन् माहा हरभरा उभा वाळला!"

पाहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ये कहते हैं, हर गुरुवार को." आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि मी हे बोलले.

पण दाजी हातवारे करत आबांकडे बोट दाखवत होते. तो गुरुवार कोणाला पटणार?

"पोते म्या कोंबले?" आबांच्या तोंडाचं कुलूप तुटलं. "तुह्या डोळ्यानं पाह्यलं काय बे? अन् कालचा ठेचा? तो कोनं कोंबला?"

"तुले तं ठेच्याची टोपलीच चारली पाहिजे होती!"

"मांगचं काढू नको, सांगून राह्यलो!"

मग काढायचं काही राहिलंच नाही. वीस वर्षांचं सगळं दहा मिनिटांत चारीच्या काठावर आलं. मी दोघांना ओरडत होते, दोघंही मला 'बाई, तुम्ही मधात नका पडू' म्हणत होते. तेवढ्यात माझं लक्ष पाहुण्यांकडे गेलं. म्हाताऱ्यांनी अधिकाऱ्याला दंडाला धरून जीपच्या मागं ढकललं होतं आणि ते झाडांकडे, बांधाकडे, घरांच्या छपरांकडे पाहत होते. खालच्या गावचा माणूस माझ्यापुढं आडवा उभा राहिला होता. "बाजी, गाड़ी के पीछे," तो म्हणाला. तो बंदुकीच्या आवाजाची वाट पाहत होता हे समजायला मला क्षणभर लागलं.

तेवढ्यात दाजींनी शिवी अर्धवट सोडून मनगटावर पाहिलं. "चार वाजले," ते म्हणाले.

आबा तसेच बडबडत खाली उतरले. गेटाचं चाक त्यांनी स्वतः फिरवलं. "घे! घे तुह्यं पाणी! घाल नरड्यात!"

"माह्यंच हाये, तू काय देतं मले!"

गेट खाली गेलं. पाणी क्षणभर घुटमळलं आणि टेलकडे वाहू लागलं. दाजी खोरं घेऊन त्याच्या मागं निघून गेले, आबा पाय धुऊन घराकडे. म्हातारे जीपमागून बाहेर आले आणि बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिले.

दिवेलागणीला संस्थेच्या खोलीवर मी पाहुण्यांपुढं कबूल केलं की आम्ही खोटं बोललो, हे गाव एकोप्याचं नाही, वीस वर्षं यांचं भांडण चालू आहे. आबा आणि दाजीही आले होते. एक या भिंतीला, एक त्या.

म्हाताऱ्यांनी विचारलं, "वीस बरस में कितने मरे?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "एकदा एकाचं डोकं फुटलं होतं. दोन टाके पडले."

म्हातारे म्हणाले, मग ही दुश्मनी नव्हे.

मी हे मराठीत सांगितलं तर दाजी उखडलेच. "नाही कशी? ईस वर्सं झाले, याच्या घरचा चहा नाही पेलो!"

म्हाताऱ्यांनी आबांना विचारलं, इतका राग आहे, तर गेट का टाकलंत? तिथं तर तुम्हाला अडवणारं कोणी नव्हतं. आबांना प्रश्नच कळेना. मी तीनदा सांगितला.

"काऊन म्हणजे?" ते म्हणाले. "त्याची पाळी होती ना. तो मले आवडत नाही, ते येगळं. पाणी काय माह्या बापाचं हाये?"

म्हाताऱ्यांनी वही मागितली. अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. ओळींवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, यात काय काय आहे? मी सांगितलं, नाव, वार, तास, सही किंवा अंगठा. "और माफ़ी? वो कहाँ लिखी है?" कुठंच नाही, मी म्हटलं.

मग ते बोलले. सावकाश, अधिकाऱ्याकडे पाहत. पाट बांधून दिलात, अल्ला तुमचं भलं करो. पण पाटाबरोबर तुमची माणसं सभा घेतात आणि प्रत्येक सभेत मला सांगतात, याला मिठी मार. माझा मुलगा यांच्या गावच्या गोळीनं गेला. यांच्या गावानंही आमच्या हातून माणसं गमावली. मिठी माझ्याच्यानं होत नाही. मी कितीदा प्रयत्न केला. म्हणून मला वाटायचं, माझ्यामुळंच हे अडलं आहे.

त्यांनी वहीवर बोट टेकवलं. "गले नहीं लग सकता. गेट गिरा सकता हूँ."

हे मराठीत सांगायची गरज पडली नाही. आबा आणि दाजी दोघंही जमिनीकडे पाहत होते.

खालच्या गावच्या माणसानं प्रथमच म्हाताऱ्यांना थेट तोंड उघडून सांगितलं, पहिली पाळी तुम्हीच घ्या. मला पहिली नको. तुमची संपते कधी, तेवढं फक्त लिहा.

अधिकाऱ्यानं त्यांच्या भाषेत कागद केला. रेघा मी आखल्या. वार, तास, दोन अंगठे. अधिकाऱ्याला सवयीनं दोघांचा हातात हात घेतलेला फोटो हवा होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं फोन खिशात घातला. जाताना जीपमध्ये पुन्हा तो दोघांच्या मधेच बसला.

आबांच्या त्या 'सिमेंटानं?'चं उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे. सिमेंटानं शांतता होत नाही, खरंच. पण पाटच नसता तर त्या दोघांना एकमेकांची घड्याळं कशाला लागली असती? मोडलेल्या मुलखाला बाहेरच्यांनी जरूर बांधून द्यावं, भरपूर द्यावं, असं मला मनापासून वाटतं. फक्त बांधून झाल्यावर माणसांकडून प्रेमाची पावती मागू नये. प्रेम आलं तर मागून येईल, आणि नाही आलं तरी गहू पिकतो.

पेरणीच्या सुमारास माझ्या फोनवर एक फोटो आला. खालच्या गावच्या माणसानं काढलेला. बोडका डोंगर, नवा पाट, आणि पाठमोरे म्हातारे वाकून गेटाचं चाक फिरवत होते. मागं दूरवर पडक्या भिंतींशी दोन-तीन चुलींचा धूर. खाली त्यानं एवढंच लिहिलं होतं, 'नौबत'. पुढं तिथलं सगळं पालटलं आणि तो नंबर लागेनासा झाला. तो पाट आज कोणाच्या हाती आहे, मला माहीत नाही. मुलगी घरात राहते आहे का, हेही नाही. अजूनही मी महिन्या-दोन महिन्यांनी तो नंबर लावून पाहते.

फोटो आला त्या दिवशी मी तो आबांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला.

"शिव्या देऊन राह्यला वाटते बुढा," ते म्हणाले.

मी निघाले, तर दारापर्यंत मागं आले. इकडंतिकडं पाहून हळू आवाजात म्हणाले, "त्या दाजीले बी दाखवा, बाई. पण मी म्हटलं म्हणून नका सांगू."