चारशे सोळा पानं

लढायांची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात प्रुफं तपासायला एक बाई होत्या. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं, म्हणून सगळे त्यांना भिंगकाकू म्हणायचे. स्वभाव असा, की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचणार. सव्वीस वर्षांत शेकडो लढाया त्यांच्या नजरेखालून गेल्या. खरी बंदूक मात्र बाईंनी जन्मात पाहिली नव्हती.

आणि या सव्वीस वर्षांत एक निवृत्त कॅप्टन हात धुवून त्यांच्या मागे लागला होता. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा. नवं पुस्तक निघालं, की आठ दिवसांत त्याचं पत्र हजर! ‘पान ११२ वर तोफा बारा, नकाशात अकरा. बारावी कुठे गेली?’ ‘सेनापतीचा घोडा सकाळी पांढरा, संध्याकाळी काळा. मधे रंगवला काय?’ मालक ते पत्र दारातल्या फळ्यावर लावायचे आणि सगळं ऑफिस पोट धरून हसायचं. काकूही हसायच्या, पण त्या दिवशी त्यांना घास गोड लागायचा नाही.

काही महिन्यांत काकू निवृत्त होणार होत्या. इच्छा एकच उरली होती: जाता जाता एक तरी पुस्तक असं निघावं, की त्या बाबाला काही म्हणजे काही सापडू नये. शेवटचं पुस्तक एका पुलावरच्या लढाईचं होतं. काकूंनी ते डोळ्यांत तेल घालून सहा वेळा वाचलं.

पुस्तक निघालं. आठ दिवस गेले, पत्र नाही. मालकांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आनंदाची बातमी: पत्र नाही!’ वर सगळ्यांना चहा पाजला. “काकू, सुंठीवाचून खोकला गेला!”

तीन आठवडे झाले, तरी पत्र नाही. आता मात्र काकूंना चैन पडेना. “अहो, माणूस बरा तर असेल ना?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“धन्य आहे तुझी! पत्र आलं तरी रडतेस, नाही आलं तरी रडतेस,” नवरा म्हणाला. “जा, बघून ये एकदाची. मलाही जरा शांतता लाभेल.”

जुन्या पाकिटावरचा पत्ता शोधत काकू पोचल्या. दार कॅप्टनच्या थोरल्या बहिणीने उघडलं. काकूंनी प्रकाशनाचं नाव सांगितलं. “तुम्ही त्या पुस्तकवाल्या का? या बाई, तुम्हीच आवरा ह्याला. तीन आठवडे धड जेवला नाहीये.”

म्हणजे आहे बाबा! काकूंचा जीव भांड्यात पडला. आत टेबलावर आगकाड्यांचा पूल बांधलेला, दोन्ही काठांना कोटाच्या बटणांच्या फौजा, आणि मधे कॅप्टन, केस विस्कटलेले.

“चार वेळा वाचलं,” तो गुरगुरला. “एकसुद्धा चूक नाही! हे काय वागणं झालं?”

काकूंना हसावं की नाचावं कळेना. “अहो, मग तसं कळवायचं नाही का? आम्हाला वाटलं, तुम्ही गेलात!”

“अकरा पत्रं लिहून फाडली. चुका काढता येतात मला. कौतुक कसं लिहितात कुणाला ठाऊक?” त्याने बारावं पत्र पुढे सरकवलं. ‘चारशे बारा पानं वाचली. चूक सापडली नाही.’

काकूंचा हात सवयीने भिंगाकडे गेला. “कॅप्टनसाहेब, पानं चारशे सोळा आहेत.”

“शेवटची चार पानं नावांच्या सूचीची. सूची कोण वाचतं?”

“मी वाचते,” काकू बोलल्या आणि त्यांनी जीभ चावली. कॅप्टनचे डोळे लकाकले. हातातोंडाशी आलेला घास काकूंनी स्वतःच घालवला होता.

मग काय! तो एकेक नाव वाचायचा, काकू ते पान उघडून दाखवायच्या. सरदार झाले, आचारी झाले, तीन घोडे झाले. बहिणीने आणलेला चहा दोनदा निवला. शेवटच्या नावापुढे पान होतं ३८७. काकूंनी ते पान उघडलं. नाव तिथेच होतं, तिसऱ्या ओळीत.

कॅप्टनने पुस्तक मिटलं. पत्रातलं ‘बारा’ खोडून ‘सोळा’ केलं आणि खाली ऐटीत सही ठोकली. काकूंना रडूच फुटलं.

“हे उद्याच फळ्यावर लावते,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय. त्याआधी बघू दे सगळ्यांना.”

 कॅप्टन पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिला. “अहो बाई,” तो शेवटी म्हणाला, “मग माझ्यासाठी चुका कोण करणार?”

काकू उठल्या होत्या, त्या परत खुर्चीत बसल्या. “ती बारावी तोफ मला अजून सापडलेली नाही,” त्या म्हणाल्या. “काढा तो जुना नकाशा.”