तोगझानचा वाटा

बिकेन आपाच्या फ्रीझरमध्ये मी डोकं घातलं ते मांस ठेवायला, आणि बाहेर काढलं ते पार चक्रावून.

आमच्या अल्माटीत हिवाळ्याच्या मांसासाठी घोडा कापला की घरोघरचे फ्रीझर फुगतात. माझा त्या वर्षी नेमका बंद पडला, म्हणून मी समोरचं दार ठोठावलं. मधला खण ओढला तर आत काचेच्या बारक्या नळ्या! बुचं लावून ओळीनं आडव्या ठेवलेल्या आणि प्रत्येकीत तपकिरी बिया.

"आपा, बियाणं विकायला काढलंस की काय?"

"कॉफी आहे. हात नको लावूस."

अगं बाई! जिथं आम्ही घोडा ठेवतो तिथं ही बाई कॉफी ठेवते!

बिकेन आपानं बत्तीस वर्षं औषधांच्या दुकानात पावडरी तोलून पुड्या बांधल्या. निवृत्त झाली तरी हात काही निवृत्त झाला नाही. मी चिमटीनं मीठ टाकलं की हिच्या कपाळाला आठी. तिनं मला समजावलं, म्हणजे झापलंच. पाकीट रोज उघडलं की रोज थोडा वास उडून जातो. म्हणून फोडलं त्याच दिवशी सगळं तोलायचं, नळीत पंधरा पंधरा ग्रॅम भरायचे, बूच लावून गोठवायचं. सकाळी एक नळी, एक कप. बाकीच्यांना वाराही लागत नाही.

मला काही पटेना. दुसऱ्या दिवशी ती भाजी चिरत असताना मी हळूच एका नळीतून दोन बिया काढून खाल्ल्या. कडू जहर. सकाळी बया माझ्या दारात हजर.

"कुल्यान, दोन बिया कुठं गेल्या?"

"मला काय माहीत?"

"ग्रॅमचा पाव भाग कमी भरतोय. दात दाखव."

अशी ही बाई. पण माझं लक्ष अडकलं होतं ते खणातल्या मागच्या ओळीत. तिथल्या अकरा नळ्यांवर चिठ्ठ्या होत्या. तारीख, आणि खाली एकच अक्षर, 'तो'. मी विचारलं तर तिनं खण धाडकन लावला. आता कोणी माझ्यापासून काही लपवलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. चार दिवस मी कळ काढली. पाचव्या दिवशी दुधाचा चहा घेऊन गेले आणि तिच्यासमोर ठाणच मांडलं.

"सांग. 'तो' म्हणजे कोण?"

"तोगझान," ती म्हणाली.

तोगझान तिची सून. होती. दोन वर्षांपूर्वी आपाच्या मुलाशी, येरसाईनशी, काडीमोड झाला, तो तेलविहिरींच्या कामावर अक्ताउला निघून गेला आणि ही बाजाराजवळच्या कॉफीच्या दुकानात राबत राहिली. या घरात कॉफी आणली ती तिनंच. सासूसुनेचा सकाळचा कप कधी चुकला नाही. नळ्यांची युक्ती मात्र सासूची.

"चांगलं पाकीट आलं की पहिली नळी तिची भरते," आपा म्हणाली. "सगळ्यांचा वाटा ठेवतो ना आपण? मग तिचा का नको?"

"सांगितलंस तिला?"

"कोणत्या तोंडानं सांगू? माझ्या मुलानं तिला रडवलं. आणि सोडून गेलेल्या सुनेचा वाटा असतो का, तेही मला माहीत नाही."

मला भडभडून आलं, आणि रागही आला. दोन वर्षं! आमच्यात हिवाळ्याच्या मांसातला ज्याचा त्याचा वाटा बाजूला काढतात. माणूस आला नाही तर वसंतापर्यंत थांबतात, पण शेवटी कोणाच्या तरी हाती तो पोचवतातच. दोन वर्षं वाटा कोण कुजवत ठेवतं?

गुरुवारी आपा दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेली. किल्ली माझ्याकडे असतेच. नळ्या तशाच घेऊन बसमध्ये चढले असते तर एकमेकींवर आपटून फुटल्या असत्या, म्हणून मी सरळ अकराच्या अकरा उघडल्या आणि सगळ्या बिया एका पिशवीत ओतल्या. वाटा म्हणजे वाटा, मांसाचे तुकडे काय कोणी वेगवेगळे बांधून देतं?

दुकानात तोगझाननं पिशवी उघडून आत पाहिलं.

"कुल्यान आपा, हे काय? यात किती तऱ्हेच्या बिया आहेत!"

"तुझा वाटा. दोन वर्षांचा."

"त्यांनी पाठवला?"

"हो," मी ठोकून दिलं.

तिनं पिशवीची गाठ मारली आणि पाठ फिरवून कप पुसायला लागली.

घरी आले तर आपा स्वयंपाकघरात उभी, समोर अकरा रिकाम्या नळ्या. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला कोणी शहाणपण सांगितलं होतं?" ती म्हणाली. "खणात होत्या तोवर मी म्हणू शकत होते की येईल एखाद दिवशी. आता ती आली नाही तर मला कळेल, की संपलं."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. शुक्रवारी तिनं दार उघडलं नाही. शनिवारी सकाळी जिन्यात पावलं वाजली, म्हणून मी फटीतून पाहिलं. तोगझान! हातात तीच पिशवी. मी चप्पल न घालताच मागोमाग आत घुसले.

"आपा, हे असं मला पिता येणार नाही," तोगझान म्हणाली आणि सगळ्या बिया टेबलावर ओतल्या.

दोघी समोरासमोर बसून तांदूळ निवडावेत तशा बिया निवडायला लागल्या. फिक्या इकडे, काळ्या तिकडे, बारक्या वेगळ्या. मी हात पुढं केला तर दोघी एकदम म्हणाल्या, "तू राहू दे!"

निम्म्या बिया झाल्यावर तोगझान खाली बघतच बोलली. "पुढच्या रविवारी त्याची आई येतेय. कानात डूल घालायला."

आमच्यात लग्न ठरलं की होणारी सासूच मुलीच्या कानात डूल घालते. तोगझानच्या कानात ते एकदा बिकेन आपानं घातले होते, मी तेव्हा शेजारीच उभी होते. आपाची बोटं थांबली.

"मला वाईट वाटलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

"माहीत आहे. पण माझी आई नाही. त्या दिवशी माझ्या बाजूनं बसायला कोणी नाही." तोगझाननं डोळे पुसले. "तुम्ही बसाल?"

आपा उठली, नळाखाली हात धुतले, नीट पुसले आणि परत येऊन बसली.

"मुलगा काय करतो?"

"शाळेत शिकवतो."

"पितो का?"

"चहा पितो."

"चहाचं नाही विचारत मी."

तोगझान रडता रडता हसली.

"शुक्रवारी त्याला इथं घेऊन ये," आपा म्हणाली. "आधी मी त्याला बघणार. त्याशिवाय कोणाची आई माझ्या पोरीच्या कानाला हात लावते, ते बघतेच मी!"