दुसऱ्या कानाला लावून बघा

"गाठ आहे," साताऱ्याच्या कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. "व्हेस्टिब्युलर श्वानोमा. कानाकडून मेंदूकडे दोन नसा जातात, एक ऐकण्याची आणि एक तोल सांभाळण्याची. तोलाच्या नसेच्या आवरणातून ही गाठ वाढते. कॅन्सर नाही. पण तुमची बरीच मोठी झालीय."

मी विचारलं, "मग नेटवर्कचं काय?"

माझी बायको कुसुम शेजारीच बसली होती. गाठ डोक्यात कुठवर गेली आहे याचा अंदाज घेतल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

प्रश्न वेडगळ नव्हता. मी कोर्टात लघुलेखक होतो. लोक बोलायचे, मी उतरवून घ्यायचो. कोण खरं, कोण खोटं हे ठरवणं माझं काम नव्हतं, पण आयुष्यभर ऐकून ऐकून कुणावरच विश्वास न ठेवण्याची सवय लागली. निवृत्त होऊन माण तालुक्यातल्या गावी आलो, तेव्हा त्या सवयीला एक कायमचा आरोपी मिळाला. मोबाइल कंपनी.

आमच्या गावाला टॉवर एकच. वीज गेली की थोड्या वेळाने तोही मान टाकतो. त्याच्यासाठी डिझेल येतं म्हणतात. आलेलं डिझेल कुठे जातं, याबद्दल पारावर बरीच मतं आहेत. वारा सुटला की आवाज तुटतो. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर अर्ध्या वाटेत उभं राहिलं की जरा बरं चालतं, म्हणून संध्याकाळी तिथे माणसं कोंबड्यांसारखी पायरीपायरीवर बसलेली असतात.

मुलगा संदीप फौजेत आहे. त्याला तिकडे लाइन मिळेल तेव्हा तो फोन करतो, आणि ती कधी मिळेल हे त्यालाही ठाऊक नसतं. त्याचा फोन ही आमच्या घरातली एकमेव गोष्ट आहे, जिच्यासाठी कुसुम चुलीवरचं करपू देते.

मधे कधीतरी त्याचं बोलणं मला खडी ओतल्यासारखं ऐकू यायला लागलं. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. मी ओरडायचो, "तुझ्याकडचं नेटवर्क खराब आहे!" तो बहुधा म्हणत असावा की, तुमच्याकडचं असेल.

मी कंपनी बदलली. मग हँडसेट बदलला. तक्रार केली की ग्राहक सेवेतली मुलगी सांगायची, "सर, आपल्या भागात नेटवर्क सुरळीत आहे." टॉवर दिवसभर मेलेला होता, तेव्हाही तिने हेच सांगितलं होतं. त्यामुळे ती पहिल्यांदा खरं बोलली, तेव्हा मी तिला ऐकवलं, "बाई, असले साक्षीदार मी हयातभर उतरवून घेतलेत."

मग मीही टाकीचा जिना चढायला लागलो. चढताना डावीकडे ओढल्यासारखं व्हायचं. वय झालं, असं म्हणून कठडा धरायचो. एका संध्याकाळी संदीपशी बोलताना हात कठड्याकडे गेला आणि कठडा तिथे नव्हता. फार उंचावर नव्हतो म्हणून कपाळावरच्या टाक्यांवर निभावलं. फोन खाली उभ्या असलेल्या कुसुमच्या पायाशी जाऊन पडला. तिने आधी मला शिव्या दिल्या, मग फोन उचलून त्याच्याशी बोलायला लागली, "न्हाई रं लेकरा, काय न्हाई, पडल्यात जरा."

मी जमिनीवरूनच विचारलं, "आवाज येतोय का तुला?"

"खणखणीत येतोय की. आन् पोरगं इचारतंय, अण्णा सारखं माज्यावर का वरडत्यात?"

मला तिचा संशय आला. आईला मुलाचं न ऐकलेलंही ऐकू येतं. पण घरी आल्यावर त्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा ती म्हणाली, "आवं, त्या कानाला लावून बघा की येकदा."

मी फोन नेहमी डाव्या कानाला लावतो, कारण उजव्या हातात जन्मभर पेन्सिल होती. उजव्या कानाला लावला. संदीप विचारत होता, "अण्णा, लागलं नाही ना जास्त?" डाव्याला लावला, खडी. उजव्याला, संदीप. मी उलटतपासणीसारखा फोन फिरवत राहिलो. साक्ष बदलली नाही. शेवटी आरोपी बदलावा लागला.

साताऱ्यात ऑडिओमेट्री झाली. म्हणजे बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. मग शब्द ऐकवतात, ते परत म्हणायचे. डाव्या कानाने मी जे परत म्हटलं, ते ऐकून तपासणाऱ्या मुलीने लिहिणंच थांबवलं. एमआरआयच्या बोगद्यात बोअरची गाडी लागल्यासारखा आवाज होता. आमच्या भागात एवढा आवाज करून सहसा काही लागत नाही. इथे लागलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं ते असं, "शहरातल्या पेशंटला हे बहुतेक वेळा फोनवरच कळतं. एका कानाला शब्द कळेनात की ते येतात. तुमच्याकडे फोन नीट लागत असता, तर तुम्हीही कदाचित वर्षभर आधी आला असता."

म्हणून हे लिहितोय. फोनवरचा आवाज बिघडला, तर कंपनीला शिव्या जरूर द्या, पण त्याआधी फोन दुसऱ्या कानाला लावून बघा. एका कानाला नीट आणि दुसऱ्याला खडी, असं असेल तर सरळ कानाच्या डॉक्टरकडे जा.

बातमी गावात पोचायला नेटवर्क लागत नाही. उपसरपंच बापू माणसं घेऊन घरी आले. "अण्णा, ही टावरचीच करणी. तुमी निस्ता रिपोर्ट द्या, मोर्चा काढतो. तुमाला पुढं खुर्चीत बसवू."

मी म्हणालो, "बापू, मागच्या महिन्यात दुसरा टॉवर पाहिजे म्हणून अर्ज तुम्हीच दिला होता."

"त्यो वायला इषय," बापू म्हणाले आणि चहा घेऊन गेले. डॉक्टरांना विचारलं होतं. टॉवरमुळे अशी गाठ होते, असं म्हणायला पुरावा नाही, असं त्यांनी सांगितलं. पुराव्याशिवाय मी कंपनीवरही आरोप ठेवत नाही. बाकीचे पुरेसे आहेत.

ऑपरेशन सांगलीला ठरलं, कारण तिथे बहीण राहते. मोठे सर्जन आले की आधी दार उघडणारा येई, मग फाइल धरणारा, मग ते. पण बोलले सरळ. "लहान गाठीवर नुसतं लक्ष ठेवता येतं, किंवा बाहेरून किरण देता येतात. तुमची मेंदूला रेटतेय, काढावीच लागेल. डावा कान जाईल. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, ती वाचवायचा प्रयत्न करू."

मी दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन विचारलं. तिथेही शब्दाला शब्द तेच. दोघांनी एकमेकांना फोन केला असावा, असं मला वाटलं. सांगलीत फोन लागतो.

निघताना तिथल्या सर्जनना एकच विचारलं, "आणि उजवा?"

"ही गाठ सहसा एकाच बाजूला होते."

'सहसा' हा शब्द मी कोर्टात पुष्कळ वेळा उतरवून घेतलाय. त्याच्या आडून काय काय निसटतं, ते मला माहीत आहे. ऑपरेशनची भीती वाटली तेवढी वाटली. झोप उडवली ती या शब्दाने. संदीपचा आवाज आता एकाच कानाच्या भरवशावर होता.

शुद्धीवर आलो तेव्हा खोली गरगरत होती आणि तोंड एका बाजूला गेलं होतं. डावा डोळा मिटेना, म्हणून थेंब घालून वर चिकटपट्टी लावायचे. चहा ओठातून गळायचा. कुसुम पदराने पुसायची आणि म्हणायची, "ल्हानपणी संदीप आसाच गळायचा." तिच्या खांद्यावर हात ठेवून व्हरांड्यात चालायला शिकलो. तोंड हळूहळू जागेवर आलं. डाव्या कानाने आता ऐकू येत नाही, पण आत बारीक शिट्टी वाजत असते. याला टिनिटस म्हणतात. तिची सवय होते. रस्त्यावर हॉर्न कुठून वाजतोय ते कळत नाही, कारण दिशा ठरवायला दोन कान लागतात. म्हणून कुसुम नेहमी माझ्या डावीकडून चालते.

घरी आल्यावर काही महिने सुखात गेले. मग एका संध्याकाळी संदीपचा फोन आला. उजव्या कानाला लावला आणि आत खडी पडली.

अर्धा शब्द, खरखर, पुन्हा अर्धा शब्द. 'सहसा' आठवला. कुसुमला काही कळू न देता मी फोन तिच्याकडे दिला. "बघ गं, काय म्हणतोय."

तिने कानाला लावला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. कोर्टात निकाल वाचतानासुद्धा मी कुणाच्या तोंडाकडे असा बघितलेला नाही.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. फोन या कानाचा त्या कानाला केला. मग म्हणाली, "काय बी कळंना. लय तुटतंय. गेला वाटतं टावर."

मी मटकन ओट्यावर बसलो. तेवढ्यात बापू आपल्या गच्चीवरून ओरडले, "हॅलो! आरं हॅलो!" मग टाकीवरून कुणीतरी, मग मागच्या गल्लीतून. दिवेलागणीला सगळं गाव हॅलो हॅलो करत होतं आणि कुणालाच पलीकडचं काही कळत नव्हतं.

कोणता हॅलो कुठून येतोय, ते मला सांगता येत नव्हतं. पण शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आवं, हसताय काय? तक्रार करा की कंपनीला," कुसुम म्हणाली.

"उद्या करतो," मी म्हणालो. "आज राहू दे."