नाव छाप

सुकत्या बोंबलांचा वास आला की मला अजून डोंगरीचं ते अंगण आठवतं. मी तेव्हा नवखी बातमीदार, क्षयरोगावर लिहायला गेले होते. गावात कुणीच बोलेना. शेवटी बांबूवर बोंबील टांगणाऱ्या एका मावशींनी मला जवळ बसवलं.

"मला झाला व्हता टीबी. औषध पुरं केलं, आता बरी हाय."

"तुमचं नाव नाही छापणार," मी घाईने म्हटलं.

"का? मी काय चोरी केली न्हाय. नाव छाप, फोटू पन छाप. माझी बहीन लपवता लपवता गेली."

बातमी छापून आली आणि काही दिवसांनी मावशींचा फोन आला. गावातल्या दोघी त्यांच्यासोबत तपासायला दवाखान्यात आल्या होत्या. तेव्हा मला माझ्या बातमीचंच कौतुक वाटलं. आता वाटतं, त्या दोघींच्या दारात उभं राहून मावशी नेमकं काय बोलल्या असतील?